डॅशबोर्डवर एकदम चार दिवे लागले? आधी बॅटरी मोजा

गाडी सुरू केली आणि एबीएस (ब्रेकची यंत्रणा), स्टिअरिंग, एअरबॅग असे दिवे एकदम लागले, घड्याळाची वेळ पुसली गेली, सेंट्रल लॉक आपोआप वाजलं, तर लगेच घाबरू नका. एकाच सकाळी तीन-चार भाग सहसा बिघडत नाहीत. त्या सगळ्यांना वीज पुरवणारी बॅटरी मात्र एकच असते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाच वर्षं जुन्या गाडीचं स्टिअरिंग सकाळी जड व्हायचं, दुपारी पुन्हा हलकं. गॅरेजमध्ये स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला, स्टिअरिंगचा कोड आला आणि अख्खं युनिट बदला असं सांगितलं. बॅटरी कुणी मोजलीच नाही, कारण सेल्फ मारला की गाडी सुरू होत होती. फसगत होते ती इथेच.

सेल्फ मारताना स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपिअर करंट ओढते. धडधाकट बॅटरीचं व्होल्टेज तेव्हाही साधारण १० च्या वर राहतं, थकलेलीचं ८-९ वर कोसळतं. इंजिन फिरायला तेवढं पुरतं, पण स्टिअरिंग, ब्रेक, लॉक सांभाळणारे छोटे संगणक तेवढ्यात बंद पडून पुन्हा चालू होतात. एक गप्प झाला की दुसरा ‘संपर्क तुटला’ असा कोड नोंदवतो. म्हणून स्कॅनरच्या यादीत पी०५६२, म्हणजे कमी व्होल्टेजचा कोड, आहे का ते आधी बघा. पण तो नाही म्हणून बॅटरी निर्दोष ठरत नाही.

आता मोजायचं कसं. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असावी. बॉनेट उघडून आतले दिवे विझेपर्यंत थांबा, मग लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली. हा आकडा कमी आला म्हणून लगेच नवी घेऊ नका. चार्जरवर पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा.

खरी परीक्षा सेल्फ मारताना. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरवर नजर ठेवा. चार्ज केलेली बॅटरीही ९.६ च्या खाली जात असेल तर तिच्यावर दाट संशय घ्या. आमची चार्ज केल्यावर १२.५ दाखवत होती, सेल्फ मारताच ८.७. त्यानंतर इंजिन चालू असताना मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास आलं तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, ठीक. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम वर-खाली होतो, त्यामुळे हेडलाइट लावूनही एकदा बघा.

बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल हाताने हलवून पाहा. आमचं मायनसचं टर्मिनल बोटांनी फिरत होतं, आणि काढल्यावर आत पांढरट-हिरवी भुकटी साचलेली. एवढ्यानेही हेच सगळे खेळ होऊ शकतात. इंजिन बंद करा, किल्ली बाजूला ठेवा, हातमोजे-चष्मा घाला, जवळ विडी-काडी नको. पाना घेऊन आधी मायनस सोडवा. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर जबरदस्त ठिणगी पडते. खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि जुना ब्रश घेऊन घासा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, नीट कोरडं करा. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस.

आमच्याकडे सफाईनंतरही सेल्फ मारताना व्होल्टेज ९ वरच आलं, म्हणून नवी बॅटरी बसवली. त्या सकाळपासून स्टिअरिंग हलकं आहे. युनिट जुनंच!

बॅटरी काढल्यावर पॉवर विंडो एका स्पर्शात वर जाणं बंद होऊ शकतं. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवलं की जमतं, नाहीतर मॅन्युअल बघा. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते. जुने कोड पुसून घ्या.

व्होल्टेज सगळीकडे बरोबर असूनही ब्रेकचा किंवा एअरबॅगचा दिवा परत आला, तर तो बिघाड खरा समजा आणि गाडी त्याच दिवशी दाखवा.