जिप्सीचे जाम झालेले मागचे ड्रम ब्रेक सोडवणे

चिखलातून, ओढ्यातून फिरून आलेली जिप्सी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी राहिली, की तिची मागची चाके अनेकदा जागची हलत नाहीत. अशा वेळी गाडी गिअरमध्ये टाकून हिसके देऊ नयेत. त्याने शूवरचा (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानदार पट्टीवरचा) लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, सुटून ड्रममध्ये अडकू शकतो.

टणक, सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागच्या चाकांचे नट थोडे सैल करून गाडी जॅकने उचलावी, स्टँडवर टेकवावी आणि मगच हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रल करून चाके काढावीत.

ड्रम नेमका कुठे अडला आहे हे कळल्याशिवाय हातोडा उचलू नये. तो फिरतच नसेल, तर हँडब्रेकची केबल सैल करून पाहावे. तेवढ्याने सुटला तर दोष बहुधा केबलमध्येच असतो. फिरतो पण बाहेर येत नाही, अशा ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालेला असतो किंवा तो हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) गंजाने धरलेला असतो. ओठ असल्यास शू आत घ्यावे लागतात. गंज असल्यास हबच्या गोलाभोवती गंज सोडवणारे तेल बेताने सोडावे, ते मुरू द्यावे, स्टडांच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या) मधल्या भागावर हलके ठोके द्यावेत आणि ड्रमवर आट्यांची दोन भोके असतील तर त्यांत ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. कडेवर घाव घातल्यास बिडाचा ड्रम तडकतो.

आतली धूळ हवेने कधीही उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावून ती ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी. एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे स्प्रिंगची जागा दुसऱ्या बाजूला पाहता येते. व्हील सिलिंडरचे (शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याचे) रबरी बूट उचलल्यावर आत ब्रेक ऑइल साचलेले दिसले, तर सिलिंडर दुरुस्त करावा किंवा बदलावा. त्याच्या रबराला पेट्रोल किंवा डिझेल लावू नये. तेलकट लायनर धुऊन वापरू नयेत, दोन्ही बाजूंचे शू एकदम बदलावेत. बॅक प्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) शू जिथे घासतात, तिथे मात्र उष्णता सोसणारे ग्रीस अगदी पातळ लावावे.

जोडणी झाल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबून पाहावे आणि सिलिंडर उघडला असल्यास ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावी. थोडे अंतर सावकाश चालवून दोन्ही ड्रमांजवळ हात धरावा. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापत असेल, तर तिकडचे शू अजून घासत आहेत आणि ती बाजू पुन्हा खोलावी लागेल.