आयरिशमध्ये व्यक्तिनामापासून विशेषण कसे घडवावे

डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरभोवती विटांची, दारावर अर्धगोल झरोका असलेली जी उंच घरे रांगेने उभी आहेत, ती जॉर्जकालीन म्हणून ओळखली जातात, कारण १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले. आयरिशमध्ये जॉर्जला ‘शोर्शे’ म्हणतात. त्यापासूनचे विशेषण ‘शोर्शख’.

प्रथम नावाचे आयरिश रूप घ्यावे, शेवटी ‘शोर्शे’सारखा स्वर असल्यास तो गाळावा आणि ‘अख’ हा प्रत्यय जोडावा. यातला ‘ख’ उर्दू ‘ख़त’मधल्यासारखा घशातून घासून उच्चारावा. मार्क्सचे ‘मार्क्सख’ याच रीतीने होते. न्यूटनचे नियम म्हणायचे असतील तर मात्र विशेषण लागत नाही. नियम या शब्दानंतर न्यूटनचे नाव ठेवले की पुरते.

विशेषण नामानंतर येते. ‘त्याख’ म्हणजे घर, आणि तो शब्द पुल्लिंगी असल्यामुळे ‘त्याख शोर्शख’ एवढ्यावर भागते.

खरी मेख स्त्रीलिंगी नामापाशी आहे. मराठीत ‘चांगला’चे ‘चांगली’ होताना शब्दाचा शेवट बदलतो, तर आयरिशमध्ये सुरुवात बदलते. ‘आल्तिरख्त’ म्हणजे वास्तुकला. ती ‘आल्तिरख्त ह्योर्शख’ होते. मार्क्सवादी सिद्धान्त म्हणजे ‘त्योरिक वार्क्सख’, आणि मार्क्ससारख्या माणसाच्या नावातला ‘म’ असा परस्पर उडालेला पाहून नवखा वाचक दचकतोच. लिहिताना मात्र मूळ अक्षर जागेवर राहते व त्याच्या पाठीमागे फक्त एक ‘एच’ येतो, त्यामुळे जे नाव कानाला ओळखू येत नाही ते डोळ्याला येते. शब्दकोशात शोधताना तो ‘एच’ काढून टाकावा. व्हिक्टोरियापासूनच्या ‘विक्तोरियख’ला हा बदल लागू होत नाही, कारण ‘व’, ‘ल’, ‘न’, ‘र’ आणि स्वर यांच्या पाठीमागे तो ‘एच’ लिहिला जात नाही.

अनेकवचनी घरे ‘तिहे शोर्शखा’ होतात. षष्ठीत मात्र सारे उलटते: घराचे छप्पर म्हणताना पुल्लिंगी ‘त्याख’चे ‘ती ह्योर्शी’ होते, म्हणजे आता ‘एच’ त्याच्याकडे येतो, आणि वास्तुकलेचा इतिहास म्हणताना स्त्रीलिंगी ‘ना हाल्तिरख्ता शोर्शी’मधल्या विशेषणातून तो निघून जातो.