‘पेक्षा’ म्हटलं की काम संपत नाही

टॉल, टॉलर, टॉलेस्ट. गुड, बेटर, बेस्ट. हा पाढा शाळेत घोकला नाही असा माणूस माझ्या वर्गात अजून तरी आलेला नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या मोठ्या माणसांना मी बोलायचं इंग्रजी शिकवतो. पाढा सगळ्यांना येतो, पण टेबलावर दोन मोबाइल ठेवून ‘यांच्याबद्दल बोला’ म्हटलं की ‘धिस मोबाइल इज बिग दॅन दॅट’ हे वाक्य ठरलेलं. तिन्ही रूपं तोंडपाठ असलेला माणूस ऐन वेळी पहिलंच रूप का वापरतो, ते आधी समजून घ्यायला हवं.

मराठीत तुलनेचा सगळा भार नामावर पडतो. ‘हा मोबाइल त्या मोबाइलपेक्षा मोठा आहे.’ यातला ‘मोठा’ जसाच्या तसा आहे. लिंग-वचनाप्रमाणे त्याचा ‘मोठी’, ‘मोठे’ होईल, पण तुलना आहे म्हणून त्याचं काही बदलत नाही. ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लावलं की आपलं काम संपलं. इंग्रजीला मात्र तुलनेची खूण दोन ठिकाणी लागते, विशेषणावर एक आणि पुढे ‘दॅन’. ‘दॅन’ आपण विसरत नाही, कारण तो बरोबर ‘पेक्षा’च्या जागी बसतो. राहते ती विशेषणावरची खूण, कारण तिथे काही लावायची आपल्याला सवयच नाही. म्हणून नवीन आलेल्यांना मी तो तीन रकान्यांचा तक्ता बाजूला ठेवायला सांगतो. ‘बिगर दॅन’, ‘चीपर दॅन’, ‘मोअर डिफिकल्ट दॅन’ अशा जोड्याच एका दमात म्हणायच्या. एक सुटा शब्द आठवून मग त्याला दुसरा जोडायचा म्हटलं, तर बोलण्याच्या ओघात तेवढा वेळ मिळत नाही.

याहून अवघड प्रकार वेगळाच आहे आणि तो व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. मराठीत कित्येकदा तुलना मनात असते आणि शब्दांत नसते. ‘जरा हळू बोला’ म्हणजे आत्ता बोलताय त्याहून हळू. ‘उद्या लवकर या’ म्हणजे आज आलात त्याहून लवकर. ‘आता बरं वाटतंय’ म्हणजे काल होतं त्यापेक्षा बरं. ‘यातलं मोठं कुठलं?’, ‘लहान साइज आहे का?’, ‘मोठ्याने बोला, ऐकू येत नाही’ अशी वाक्यं आपण दिवसभर बोलतो आणि त्यांत कुठेच ‘पेक्षा’ नसतो. ‘पेक्षा’ नाही म्हणून इंग्रजी करतानाही आपल्याला तुलना आठवत नाही, आणि ‘स्पीक स्लोली’, ‘कम अर्ली’, ‘विच इज बिग?’, ‘डू यू हॅव स्मॉल साइज?’ असं निघतं. यातली काही वाक्यं चूक नाहीत, पण अर्थ सरकतो. अंगात घातलेला शर्ट सैल होतोय आणि त्याच्याखालचं माप हवंय, तर ‘अ स्मॉलर साइज’ म्हणायला हवं. ‘स्मॉल साइज’ म्हटलं तर समोरचा ‘स्मॉल’ असा शिक्का असलेलाच शर्ट काढून देईल. तसंच ‘कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर?’, ‘कॅन यू कम अर्लिअर टुमॉरो?’, ‘आय ॲम फीलिंग बेटर नाऊ’. एक युक्ती बहुतेकांना उपयोगी पडते. मराठी वाक्यात मनातल्या मनात ‘आहे त्याहून’ घालून बघायचं. ते बसलं, तर इंग्रजीत विशेषण बदलायचं, मग पुढे ‘दॅन’ येवो न येवो.

आता ‘मोअर’. आपल्याकडे ‘जास्त’ हा शब्द कुठेही चालतो. जास्त उंच, जास्त तापमान, जास्त वेग, जास्त गर्दी. त्याच वाटेने ‘मोअर टॉल’ येतं आणि पुढे ‘मोअर बेटर’ही. नियम तसा सोपा आहे. शब्द उच्चाराला एका ठोक्याचा असेल तर ‘अर’ आणि ‘एस्ट’, तीन किंवा अधिक ठोक्यांचा असेल तर ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’. गोंधळ होतो तो दोन ठोक्यांच्या शब्दांत. वाय या अक्षराने संपणारे ‘हॅपी’, ‘बिझी’, ‘ईझी’ हे ‘अर’च्या बाजूचे आणि लिहिताना वायचा आय होतो. ‘नॅरो’, ‘सिम्पल’, ‘क्लेव्हर’, ‘क्वाएट’ यांनाही ‘अर’ चालतो. बाकीच्यांपुढे डोळे मिटून ‘मोअर’ लावावा, फारसं बिघडत नाही. क्रियापदापासून बनलेले ‘टायर्ड’, ‘बोअर्ड’, ‘वरीड’ कितीही छोटे असले तरी त्यांना ‘मोअर’च लागतो. स्पेलिंगचं एवढंच, की ‘बिग’, ‘हॉट’, ‘थिन’सारख्या शब्दांत एक स्वर आणि शेवटी एक व्यंजन असेल तर ते व्यंजन दोनदा येतं.

‘जास्त’ची दुसरी अडचण ऑफिसच्या कामात जास्त नडते. ‘टेम्परेचर इज मोअर’, ‘स्पीड इज मोअर’, ‘प्राइस इज लेस’ ही वाक्यं मी शिकलेल्या माणसांच्या ईमेलमध्येही नेहमी बघतो. तापमान, वेग, किंमत, दर, दाब, पगार अशा आकड्यांत मोजायच्या गोष्टी इंग्रजीत चढतात आणि उतरतात, त्यामुळे त्यांना ‘हायर’ आणि ‘लोअर’ लागतं. ‘मोअर’ आणि ‘लेस’ हे पाणी, वेळ, काम, पैसा यांच्या प्रमाणासाठी. वस्तू किंवा माणसं मोजता येत असतील तर कमीसाठी ‘फ्यूअर’. बोलताना अनेक इंग्रजी भाषकही ‘लेस पीपल’ म्हणतात, पण रिपोर्टमध्ये ‘फ्यूअर’ लिहिलेलं बरं.

एका वाक्यावर वर्ग नेहमी हसतो. ‘माझी बॅग तुझ्यापेक्षा जड आहे’ हे मराठीत कुणालाच खटकत नाही, कारण बॅगेची तुलना बॅगेशी आहे हे गृहीतच असतं. ‘माय बॅग इज हेव्हिअर दॅन यू’ म्हटलं की समोरच्या माणसालाच तराजूत बसवल्यासारखं होतं. इथे ‘दॅन युअर्स’ हवं. हीच गोष्ट रिपोर्टमध्ये गंभीर होते. या वर्षीच्या विक्रीची तुलना गेल्या वर्षाशी नव्हे तर गेल्या वर्षीच्या विक्रीशी असते, म्हणून ‘हायर दॅन लास्ट इयर्स’ किंवा ‘हायर दॅन दॅट ऑफ लास्ट इयर’. ‘दॅन’च्या दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या गोष्टी आहेत ना, हे मेल पाठवण्याआधी एकदा बघावं. ‘दॅन मी’ की ‘दॅन आय’ यावर मात्र डोकं शिणवू नका. बोलताना ‘दॅन मी’ सर्रास चालतं, औपचारिक लिहिताना ‘दॅन आय ॲम’ असं पूर्ण करून टाकावं.

फरक किती आहे हे सांगताना ‘व्हेरी बेटर’ होत नाही. ‘मच बेटर’, ‘फार बेटर’, ‘अ लॉट बेटर’, आणि थोडाच फरक असेल तर ‘स्लाइटली बेटर’. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप सोबत घेऊनच आले आहेत. त्यांच्यापुढे ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतो: ‘शी इज सीनिअर टू मी’. मुलाखतीत आपला अनुभव सांगताना हे वाक्य हमखास लागतं, तेव्हा एवढं तरी पाठच असू द्या.

‘सर्वांत’वाल्या वाक्यांत तीन गोष्टी सांभाळायच्या. आधी ‘द’ हवा: ‘द टॉलेस्ट’. पण ‘माय’, ‘अवर’, ‘हिज’ असेल तर ‘द’ गळतो, ‘माय बेस्ट फ्रेंड’. नुसतं ‘मोस्ट पीपल’ म्हटलं तर त्याचा अर्थ बहुतेक लोक असा होतो. मग पुढचा शब्द: जागा किंवा समूह असेल तर ‘इन’, मोजून दाखवता येणारे असतील तर ‘ऑफ’. ‘द टॉलेस्ट इन द क्लास’, ‘द टॉलेस्ट ऑफ द थ्री’. आपल्या ‘सगळ्यांमधून’मुळे इथे ‘फ्रॉम ऑल’ येतं, ते टाळा. आणि ‘वन ऑफ द’ आलं की पुढचं नाम अनेकवचनी. ‘वन ऑफ द बेस्ट प्लेअर’ नव्हे, ‘प्लेअर्स’. अनेकांतला एक म्हणायचा तर ते अनेक आधी दिसायला हवेत.

‘मोस्ट बेस्ट’ आपल्या तोंडी इतक्या सहज का येतं याचं उत्तर मला संस्कृतात सापडलं. ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे एकाच जुन्या इंडो-युरोपीय घराण्यातले. संस्कृतातला ‘स्वादिष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘स्वीटेस्ट’ हे तर अगदी चुलतभाऊ. आपण ‘श्रेष्ठ’मध्येच ‘सर्वांत’ आहे हे विसरलो आणि ‘सर्वांत श्रेष्ठ’ बिनदिक्कत म्हणतो. ‘उत्तम’मधला ‘तम’ही तोच अर्थ सांगतो, तरी आपण ‘सर्वोत्तम’ करतो. इंग्रजीत चारशे वर्षांपूर्वी अशी दुहेरी रूपं छापील लिखाणातही चालत. आज ती चुकीची धरतात. त्यातला ‘लेसर’ तेवढा टिकून राहिला. ‘लेस’ हेच तुलनेचं रूप असताना त्याला वर ‘अर’ लागलाय आणि कुणाला ते जाणवतही नाही. ‘परफेक्ट’ला ‘मोअर’ लावू नये म्हणणाऱ्यांनी 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेचं पहिलं वाक्य बघावं. तिथे ‘अ मोअर परफेक्ट युनियन’ असंच आहे.

शाळेत ‘चेंज द डिग्री’ नावाचा प्रश्न असायचा: ‘नो अदर बॉय इज ॲज टॉल ॲज’, ‘टॉलर दॅन एनी अदर बॉय’, ‘द टॉलेस्ट बॉय’. परीक्षा द्यायची असेल तर तो करा, मार्क मिळतात. बोलण्यासाठी त्यातलं फक्त ‘ॲज… ॲज’ उचला, कारण ते नकारात फार कामाला येतं. एखाद्याचं काम ‘वर्स’ आहे म्हणण्यापेक्षा ‘नॉट ॲज गुड ॲज’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला कमी लागतं. मीटिंगमध्ये हा फरक कळतो.

सरावासाठी वही लागत नाही. समोर दिसतील त्या दोन वस्तू घ्यायच्या, दोन खुर्च्या, दोन रस्ते, कालचं काम आणि आजचं काम, आणि मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात केलेला सराव इथे फसवतो. विशेषणावरची खूण राहून गेली हे कानाला ऐकू आल्याशिवाय कळत नाही. आणि कान लावलेलाच आहे तर उच्चारही बघा. ‘सिंगर’मध्ये ग नीट ऐकू येत नाही, तो नाकातच विरतो. पण ‘लाँगर’, ‘स्ट्राँगर’, ‘यंगर’ या तिघांत ग स्वच्छ उच्चारतात, जरी ‘लाँग’, ‘स्ट्राँग’, ‘यंग’मध्ये तो ऐकू येत नसला तरी.