गच्चीवरच्या एसीची वायरिंग: 415 व्होल्ट, 24 व्होल्ट आणि गोव्याचा पाऊस

म्हापशात एका दुकानाच्या गच्चीवर 10 टनाचं पॅकेज युनिट, म्हणजे सगळी यंत्रणा एकाच पेटीत असलेला मोठा एसी, बसवत होतो. मी खाली मेन पॅनेलपाशी, सोबतचा पोरगा वर. त्याने ओरडून विचारलं, "दादा, लाल आरला, पिवळी वायला?" मी म्हटलं, "हो." मला वाटलं, फेजचं विचारतोय. तो बसला होता युनिटमधल्या त्या टर्मिनल पट्टीसमोर, जिथे थर्मोस्टॅटच्या (खोलीचं तापमान बघून एसी चालू-बंद करणाऱ्या डबीच्या) वायरी येतात, आणि त्याच्या हातात होत्या फेज प्रिव्हेंटरच्या (फेज गेली किंवा उलटली तर मशीन बंद करणाऱ्या उपकरणाच्या) बारीक लाल-पिवळ्या वायरी. सप्लाय दिला आणि 24 व्होल्टच्या पट्टीवर 415 व्होल्ट गेले. ट्रान्सफॉर्मर जळला, कंट्रोल कार्ड जळलं. पोराला काही झालं नाही, याचं समाधान आजही आहे. त्याची चूक नव्हती. आर आणि वाय म्हणजे आपल्याकडे लाल आणि पिवळी फेज. थर्मोस्टॅटवर आर म्हणजे 24 व्होल्टचा सप्लाय, वाय म्हणजे कॉम्प्रेसर. अक्षरं तीच, रंग तेच. त्यात जी म्हणजे पंखा, आणि त्याची वायर बऱ्याच केबलींत हिरवी असते. आपल्याकडे हिरवी म्हणजे अर्थिंग.

तेव्हापासून माझ्या साइटवर कंट्रोलसाठी रंगीत वायर चढत नाही. राखाडी, नंबर छापलेल्या कोरची केबल घेतो आणि प्रत्येक टोकाला फेरूल, म्हणजे नाव छापलेली छोटी नळी, घालतो: 24-आर, 24-सी, 24-वाय1, 24-वाय2, 24-जी (सी म्हणजे कॉमन, वाय1 आणि वाय2 म्हणजे कॉम्प्रेसरचे दोन टप्पे). "24" हा आकडा आधी दिसला की हात आपोआप थांबतो.

मी डिचोलीचा. 22 वर्षं हेच काम करतोय. खाली लिहिलंय ते परवानाधारक वायरमनसाठी आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांसाठी. दुकानमालकांनी हे वाचावं ते काम तपासून घेण्यासाठी, स्वतः पॅनेल उघडण्यासाठी नव्हे.

आधी नेमप्लेट वाचा. केबल किती जाड, एमसीबी किती अँपिअरचा हे टनावरून ठरवू नका. किमान किती करंटची केबल हवी आणि जास्तीत जास्त केवढा फ्यूज चालेल, हे बहुतेक युनिटांवर लिहिलेलं असतं. पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या डायग्रामचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन पावसांत तो कागद गळून पडतो.

केबलच्या बाबतीत माझा हात थोडा सढळ आहे. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढतो. खालच्या पॅनेलपासून गच्ची 50 मीटरवर असेल आणि केबल कशीबशी पुरणारी असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज खाली येतं. त्याच सप्लायवर 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो, मग तेही घसरतात आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच, कडकड वाजू लागतो. लोक कॉन्टॅक्टर बदलत बसतात, दोष केबलीत असतो. हिशेबाने 6 चौरस मिमी येत असेल तर एवढ्या लांबीला मी 10 चौरस मिमी कॉपर आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली) केबल टाकतो.

युनिटच्या नजरेच्या टप्प्यात आयसोलेटर, म्हणजे सप्लाय पूर्ण तोडणारा स्विच, हवाच, पावसात टिकेल अशा डब्यातला आणि कुलूप लागेल असा. काम करताना कुलूप लावून चावी आपल्याच खिशात ठेवा. नंतर मीटरने तपासा: फेज ते फेज, फेज ते अर्थ. निव्वळ टेस्टरवर जिवाचा भरवसा ठेवू नका.

आता ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथला घट्ट पकडणारा तुकडा) आणि लग (वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी). इथे घाई केली तर बाकी सगळं काम वाया जातं. कांदोळी, कळंगुटच्या बाजूला समुद्राची खारी हवा गच्चीवर सतत येते. उघडं तांबं काही महिन्यांत हिरवं पडतं. म्हणून टिनचा मुलामा असलेली लग, नीट साइजच्या डायने क्रिम्प केलेली (दाबून बसवलेली), वर हीट श्रिंक. क्रिम्प झाल्यावर लग पकडून जोरात ओढून बघा. हलली तर कापा, नवी लावा. केबल डब्यात खालून घ्या, वरून कधीच नको. ग्लँड पितळी, डबल कॉम्प्रेशन. आणि ग्लँडच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या. पाणी केबलवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थेंब लोंबकळतो आणि तिथेच खाली पडतो. झोळ नसेल तर तोच थेंब सरळ ग्लँडच्या रबरावर जाऊन बसतो. जूनमध्ये छत्री धरून अर्धा तास हे बघत बसलोय, म्हणून सांगतो.

अर्थिंग दोन वेगळ्या पट्ट्यांनी, बॉडीच्या दोन वेगळ्या ठिकाणी. बोल्टखालचा रंग खरवडून काढा, घट्ट करा, मग वर ग्रीस किंवा रंग लावा. रंगावर बसवलेली अर्थिंग नुसती दिसायला असते.

युनिटला जोडण्याआधी केबलला 500 व्होल्टचा मेगर मारा, म्हणजे इन्सुलेशन तपासा. कंट्रोल कार्ड जोडलेलं असताना मेगर नको. मग सप्लाय देऊन तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा. समजा 412, 418, 400 आलं. सरासरी 410. सर्वांत दूरचा आकडा 400, फरक 10, म्हणजे 2.4 टक्के. 2 टक्क्यांच्या वर गेलं की मी मशीन चालू करत नाही. आधी कुठलं कनेक्शन ढिलं आहे, कुठल्या फेजवर जास्त लोड आहे ते शोधतो.

फेजचा क्रम मीटरने बघा. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला की खडखडाट करतो, प्रेशर बनत नाही, करंट कमी दिसतो. तसाच चालवला तर खराब होतो. लगेच बंद करून येणाऱ्या केबलच्या कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा. आतल्या कॉन्टॅक्टरवर अदलाबदल करू नका, नाहीतर पंखे आणि कॉम्प्रेसर यांचा मेळ बिघडतो. फेज प्रिव्हेंटर मात्र लावाच. बाहेर लाइनवर काम झालं आणि फेज उलटली तर मशीन वाचतं.

कंट्रोलची केबल पॉवरच्या पाइपातून नेऊ नका, लांबी वाचत असली तरीही. वेगळा पाइप घ्या. छतापासून थर्मोस्टॅटपर्यंत अखंड केबल ओढा, सीलिंगमध्ये टेपचा जॉइंट नको. सी म्हणजे कॉमन ही वायर वायफायवाल्या थर्मोस्टॅटला लागतेच. साधा थर्मोस्टॅट असला तरी दोन कोर जास्तीच्या टाका. पाण्याच्या ट्रेचा फ्लोट स्विच वायच्या वायरीत सिरीजला घ्या, म्हणजे ट्रे भरला तर कॉम्प्रेसर थांबतो. फायर अलार्मचा रिले आरच्या वायरीत घ्या, म्हणजे आग लागली तर पंख्यासकट सगळं बंद. जोडताना सप्लाय बंदच ठेवा. आर आणि सी क्षणभर जरी टेकले तरी फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर जातो.

थर्मोस्टॅट जमिनीपासून साधारण 1.5 मीटरवर लावा. ऊन, ग्रिलची थंड हवा, कॉफी मशीन, फ्रिजची पाठ यांच्यापासून लांब. आणि त्याच्या मागचं भोक पुट्टीने बंद करा. हे फार कमी जण करतात. पर्वरीच्या एका ऑफिसात माणसं गारठून स्वेटर घालून बसली होती आणि थर्मोस्टॅट 27 दाखवत होता. तो भिंतीवरून काढला तर पाइपातून गच्चीवरची गरम हवा हाताला लागत होती, उदबत्तीचा धूर धरला तर सरळ खोलीत वळत होता. दहा रुपयांच्या पुट्टीने काम झालं. पाइपाचं वरचं तोंडही बंद करा. त्याच वाटेने पावसाळ्यात ओल उतरते.

सुरू करण्याआधी क्रँककेस हीटरला (कॉम्प्रेसरमधलं तेल गरम ठेवणाऱ्या हीटरला) 24 तास सप्लाय द्या, थर्मोस्टॅट बंद ठेवून. मग आधी फक्त जी, पंखा. तो नीट फिरला की वाय1. 24 व्होल्ट मिळाले तरी तीन ते पाच मिनिटं कॉम्प्रेसर लागणार नाही, बऱ्याच युनिटांत तसा टायमर असतो. घाबरून वायरी हलवू नका. लागला की तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा आणि दाराच्या आत मार्करने तारखेसह लिहून ठेवा.

चालू झाल्यावर आठवड्याने सगळे टर्मिनल स्क्रू पुन्हा आवळा, सप्लाय बंद करून. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा गच्चीवर जाऊन पॅनेल उघडा. तळाला पाणी साचलंय का, ग्लँडखाली ओघळ आहे का, हे टॉर्चने बघा. कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये मुंग्या शिरल्यात का हेही बघा. पावसात त्या सुकी, उबदार जागा शोधतात, आणि चिरडलेल्या मुंग्यांच्या थरामुळे पॉइंट नीट टेकत नाहीत. ब्रशने साफ करा, ज्या भोकातून आल्या ते बुजवा, मगच दार लावा.