फायर ऑडिटवाला येण्याआधी रात्री दोनला एक फेरी मारा

जानेवारी आणि जुलै जवळ आला की संस्थाचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "फॉर्म बी कोण करून देतं, रेट काय चाललाय?" (फॉर्म बी म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला.) मीही असे मेसेज टाकलेत, खोटं कशाला बोलू. निवासी मतिमंद शाळेत अधीक्षिका होते तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं माझ्यासाठी फायर सेफ्टी म्हणजे फायलीतला एक कागद होता, कोणी तपासणीला आलं की पुढे करायचा. मग एका रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला, वरच्या खोलीत एका मुलाला फिट आली आणि खोलीला बाहेरून कुलूप. काळजीवाहक मावशींच्या हातात सतरा किल्ल्यांचा जुडगा, मोबाईलची बॅटरी दातात धरून त्या एकेक किल्ली लावून बघतायत. पोरगं सुखरूप राहिलं. पण धूर असता तर त्या सतरा किल्ल्यांचं काय झालं असतं, हे डोक्यातून जाईना.

म्हणून हे लिहितेय. क्रम माझा आहे, सरकारी नाही.

कागदाचं आधी उरकून घेऊ. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ आहे, त्यात जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची, म्हणजे भाड्याच्या जागेत संस्था असेल तरी "घरमालक बघेल" म्हणून हात झटकता येत नाहीत. यंत्रणा बसवली की लायसन्स असलेली एजन्सी फॉर्म ए, म्हणजे ती नीट बसवल्याचा दाखला देते, आणि ती चालू स्थितीत आहे म्हणून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी. लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं असतं, त्याची मुदत बघून घ्या, संपलेल्या लायसन्सवर शिक्के मारणारे महाभाग आहेत. आणि जो माणूस इमारतीत पाय न ठेवता फोनवर "मॅडम, लेटरहेडचा फोटो पाठवा फक्त" म्हणतो त्याला हात जोडा. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतंच, त्या फाईलशेजारी ही फाईल ठेवा, शोधाशोध वाचते.

आता खरं काम. ऑडिटवाला येतो सकाळी अकराला, तेव्हा शिक्षक असतात, स्वयंपाकी, शिपाई, सगळा स्टाफ असतो, मुलं जागी असतात, दारं उघडी असतात. या वेळेला आग लागली तर आपण बऱ्यापैकी निभावून नेऊ. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बाळांच्या कक्षात आग लागली ती मध्यरात्रीनंतर, दहा बाळं गेली. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला मनोरुग्णांच्या एका आश्रमात पहाटे आग लागली, रुग्णांना साखळीने बांधलेलं होतं, २८ जण गेले. ज्यांना स्वतःहून उठून पळता येत नाही त्यांची तपासणी दिवसा करून काय उपयोग, ती रात्रीच करायला पाहिजे.

तर एक दिवस घरी जाते म्हणून सांगा आणि दोन वाजता परत या. (मावशी दोन दिवस बोलत नाहीत, सवय ठेवा.) मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि रात्रपाळीच्या माणसाला तीनच गोष्टी विचारा, किल्ल्या कुठे आहेत, मेन स्विच कुठे आहे, आणि आत्ता या खोलीत धूर झाला तर पहिल्यांदा कोणाला उचलशील. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा "सगळ्यांनाच" असं उत्तर येतं. तीस मुलं आणि दोन मावशी, सगळ्यांना कसं उचलणार?

मग प्रत्येक खाटेपाशी उभं राहून लिहून काढा. स्वतः चालत बाहेर येणारे कोण, हात धरला की येणारे कोण, उचलावं किंवा ओढावं लागणारे कोण. आम्ही खाटेच्या पायाला हिरवी, पिवळी, लाल टेप लावली, अंधारात बॅटरी मारली की कळतं. हे ठरवताना दिवसाचं मूल बघू नका. फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेतलेला, दिवसा धावणारा मुलगा रात्री दोनला लाल असू शकतो. कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या) घालणाऱ्या मुलीला ते चढवायला किती मिनिटं लागतात ते मोजा, तेवढा वेळ मिळणार नाही असं धरून तिला लाल टेप लावा. आणि लाल टेपवाले तळमजल्यावर, दाराजवळ. आमच्याकडे बरोबर उलटं होतं, कारण खाली ऑफिस आणि देणगीदारांना बसायचा हॉल. ते बदलायला मीटिंगमध्ये जेवढी भांडले तेवढी पगारासाठी नाही भांडले.

किल्ल्यांचा विषय नीट हाताळा कारण कुलूप काही कोणी हौसेने लावत नाही, मुलं रात्री उठून रस्त्यावर जातात ही खरी भीती आहे. पण झोपायच्या खोलीला बाहेरून कुलूप हे नकोच. खोलीच्या दाराला घुंगरू बांधा नाहीतर उघडलं की वाजणारा बॅटरीवरचा छोटा अलार्म मिळतो तो लावा, आणि कुलूप फक्त कंपाउंडच्या गेटला ठेवा. जिन्याच्या चॅनेल गेटला लावावंच लागत असेल तर सगळी कुलपं एकाच किल्लीची घ्या, आणि ती किल्ली रात्रपाळीवाल्या प्रत्येकाच्या गळ्यात, खुंटीवर नाही. चॅनेल गेट सरकतं का ते रोज बघा, पावसाळ्यात असं गंजतं की दोघांनी ओढलं तरी हलत नाही. खिडक्यांच्या ग्रिलमध्ये प्रत्येक खोलीत निदान एक पल्ला उघडणारा करून घ्या, वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो.

उचलण्याबद्दल. साठ किलोचा मुलगा एका बाईला उचलता येत नाही, पण गोधडीवरून ओढता येतो. माणसाला गोधडीवर कुशीवरून कुशीवर सरकवायचं, डोक्याकडची दोन टोकं मुठीत घट्ट पिळून धरायची, डोकं जरासं उचललेलं ठेवायचं आणि आपण पाठमोरं वाकून मागे मागे जायचं. गुळगुळीत फरशीवर माझ्यासारखी पन्नाशीची बाई ओढू शकते, करून बघितलंय. उंबरा मात्र घात करतो, तिथे सिमेंटचा उतार करून घ्या. जिन्यावरून हे एकटीने जमत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर पहिलं काम खाली नेणं नाही, तर त्याच मजल्यावर लांबच्या, जिन्याजवळच्या खोलीत नेणं आणि मधलं दार लावून घेणं. बंद लाकडी दार धूर बराच वेळ अडवतं, फटीला ओली चादर लावा. मग मदत आली की खाली. लिफ्ट असली तरी वापरायची नाही.

आता वस्तूंकडे या. गाद्या बघा, आपल्याकडे अंथरूण ओलं होतं म्हणून फोमची गादी आणि वर रेक्झिन, आणि हे पेटलं की जो काळा धूर होतो तो विषारी असतो, माणूस आगीपर्यंत पोचायच्या आधी धुरानेच जातो. गाद्या एका दिवसात बदलता येणार नाहीत, पण खाटेखाली डासांची कॉईल आणि गादीला लागून एक्स्टेन्शन बोर्ड हे तरी आजच बंद होऊ शकतं. बोर्डावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, गरम लागला किंवा प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं दिसलं की इलेक्ट्रिशियन बोलवा. डीबी, म्हणजे सगळे स्विच एकत्र असलेली विजेची पेटी, उघडायला लावा. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून कोणीतरी दीड एमएमच्या बारीक वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी ठोकलेला असतो, मग तो पडत नाही, वायर जळते. ईएलसीबीवरचं (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, लाईट गेली पाहिजे. आणि इन्व्हर्टर! नव्वद टक्के ठिकाणी जिन्याखाली, शेजारी रद्दी आणि गणपतीचं थर्माकोल, म्हणजे बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर आपणच सरण रचून ठेवतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिला हवेशीर जागा द्या आणि जिन्याखाली काहीही ठेवू नका, झाडूसुद्धा नाही.

स्वयंपाकघरात सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतून अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं, ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी आणि डी पुढचे तीन-तीन महिने. ती तारीख उलटलेली टाकी घेऊच नका, गाडीवरच परत करा. रबरी नळीवर छापलेली तारीख वाचा, पाच वर्षं झाली की बदला. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, तेव्हा वरचा एक्झॉस्ट पुरेसा नाही, खालून हवा जायला जाळी पाहिजे.

फायर एक्स्टिंग्विशर, म्हणजे आमच्या मावशींच्या भाषेत लाल बाटला. काटा हिरव्यात आहे का बघणं हे झालंच, पण कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याला काटा नसतो, त्याचं वजन करायचं, दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तर भरून घ्यायचं. आमच्याकडे मुलं पिन ओढतात म्हणून कोणीतरी ती बाइंडिंग वायरने आवळून बांधली होती, पक्कड असल्याशिवाय निघेना, आणि त्याच्यावर तपासणीचं स्टिकर अगदी ताजं! पिनीला ओढलं की तुटणारं प्लॅस्टिकचं बारीक सील असतं, तेवढंच हवं. मुलं हात लावतात तर बाटला मावशींच्या नजरेसमोर हलवा. वापरायचा कसा हे प्रत्येकाने हाताने करून बघायला पाहिजे, पिन काढा, नळी ज्वाळेकडे नाही तर आगीच्या बुडाशी, दांडा दाबा, झाडू मारल्यासारखं इकडून तिकडे. सहा किलोची एबीसी पावडर जेमतेम वीस सेकंद टिकते, तेवढ्यात विझली नाही तर बाटला टाकून माणसांकडे वळा.

एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर फिरा, चहा देऊन ऑफिसात बसू नका. त्याला स्मोक डिटेक्टरला प्रत्यक्ष टेस्टचा धूर द्यायला लावा, आणि हूटर, म्हणजे धोक्याचा भोंगा, वाजला की तुम्ही सगळ्यात लांबच्या बाथरूममध्ये जाऊन ऐका. कर्णबधिर मुलं असतील तर हूटर त्यांच्यासाठी नसल्यासारखाच, त्यांच्या खोलीत आणि संडासात चमकणारा दिवा पाहिजे, उशीखाली थरथरणारं यंत्रही मिळतं. अंधांसाठी भिंतीला कठडा बाहेरच्या दारापर्यंत सलग, मध्ये कपाट आलं की वाट तुटली. ऑटिझमवाली काही मुलं हूटर ऐकून कान दाबून खाटेखाली घुसतात, त्यांना तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आधी अगदी हळू, मग रोज थोडा मोठा असा ऐकवला, महिनाभर लागला.

शेवटी मॉक ड्रिल. पहिली दिवसा, सांगून. दुसरी संध्याकाळी. तिसरी रात्रपाळीच्या स्टाफवर, तेवढ्याच माणसांत. १०१ कोण लावणार, गेटवर बंबाला वाट दाखवायला कोण उभं राहणार, पत्ता सांगताना कुठली खूण सांगायची हे फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहा, गावाबाहेर असाल तर जवळचं नगरपरिषदेचं किंवा एमआयडीसीचं फायर स्टेशन किती लांब आहे ते एकदा स्वतः गाडीने जाऊन बघा. बाहेर ठरलेल्या झाडाखाली डोकी मोजायची, हजेरीपटाची एक प्रत गेटवरच ठेवायची कारण ऑफिसातली आतच राहते. रजिस्टरमध्ये "ड्रिल यशस्वी" एवढंच लिहू नका, कोण अडकलं आणि का ते लिहा. आमच्या पहिल्या ड्रिलला एक मुलगा झाडाखालून परत आत पळाला, त्याची निळी पिशवी राहिली होती. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदाही पळाला. आता झोपायच्या आधी ती पिशवी मावशी बाहेरच्या दाराजवळच्या खुंटीला लावतात, त्याच्या देखत.