अमेरिकेच्या स्पाउस व्हिसाची मुलाखत: पैशांचे कागद आणि ‘डोमिसाईल’ नावाची भानगड

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये स्पाउस व्हिसाच्या मुलाखतीला निघालेली माणसं लग्नाचे अल्बम काखोटीला मारून येतात. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळे फोटो बरोबर. आणि ‘व्हिसा अडकला, अजून कागद आणा’ सांगणारी चिठ्ठी हातात पडते ती भलत्याच कागदावरून. माझ्याही हातात पडली होती. त्यानंतर नात्यातल्या नि ओळखीतल्या आठ-दहा जोडप्यांच्या फायली मी लावून दिल्या. पण अजून दर वेळी कोणीतरी म्हणतंच, ‘अगं, जॉइंट स्पॉन्सर आहे ना, मग काय काळजी?’ जॉइंट स्पॉन्सर म्हणजे अमेरिकन जोडीदाराचं उत्पन्न कमी पडलं तर पैशांची हमी देणारा दुसरा माणूस. पण काळजी तरीही उरते, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक आहे, पण दोघं सध्या भारतात राहतात, अशा जोडप्यांसाठी हे आहे. आय-१३० (अमेरिकन जोडीदाराने केलेला मूळ अर्ज) मंजूर झाली, केस एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर, मुलाखतीआधी कागद गोळा करणारं अमेरिकेतलं कार्यालय) गेली, ३२५ आणि १२० डॉलरची फी भरली, डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरला, इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरते. जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट ऑफिसची पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), नेमून दिलेल्या डॉक्टरांकडची मेडिकल यांत डोकं लावण्यासारखं काही नाही. मराठीतल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा आणि पुढे चला.

आधी माणसं मोजा, मग पैसे

आय-८६४ हा फॉर्म म्हणजे ‘ही व्यक्ती अमेरिकेत सरकारच्या गळ्यात पडणार नाही’ अशी हमी. ती स्पॉन्सरने, म्हणजे तुमच्या अमेरिकन जोडीदाराने द्यायची. त्यासाठी वार्षिक उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. २०२५ च्या तक्त्यात अलास्का आणि हवाई सोडून बाकी राज्यांत दोन माणसांना २६,४३७ डॉलर आणि तिघांना ३३,३१२ डॉलर लागत होते. हा तक्ता दर वर्षी बदलतो, त्यामुळे सही करताना त्या वर्षीचा आय-८६४पी उघडून बघा. तीन वर्षांपूर्वी मेहुण्याने कुठला आकडा धरला होता त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

खरी चूक होते ती माणसं मोजण्यात. ‘मुलगी तर जन्मतःच अमेरिकन नागरिक, तिला कशाला मोजायचं?’ मोजायचं. स्पॉन्सरची २१ वर्षांखालची अविवाहित मुलं धरावीच लागतात, पासपोर्ट कुठल्याही रंगाचा असो. आणि आई-वडिलांना आधीच ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर केलेलं असेल, त्या हमीची मुदत अजून संपलेली नसेल, तर तेही या हिशेबात येतात. हे लोक हमखास विसरतात, आणि जॉइंट स्पॉन्सर होणारा दीर तर नक्कीच विसरतो. सासू-सासऱ्यांना त्यानेच तर तिकडे नेलेलं असतं!

भारतातला पगार कितीही गलेलठ्ठ असला तरी तिकडे गेल्यावर तो त्याच ठिकाणाहून चालू राहणार नसेल तर इथे शून्य. म्हणून फॉर्म १६ आणि पाच वर्षांचे आयटीआर घेऊन येणाऱ्यांना मी ते सरळ परत घेऊन जायला सांगते.

उत्पन्न कमी पडत असेल तर मालमत्ता दाखवता येते. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला तुटीच्या तिप्पट दाखवावी लागते. तूट १२,००० डॉलर असेल तर मालमत्ता ३६,००० ची. दोन माणसांच्या घरात उत्पन्न अगदीच शून्य असेल तर २०२५ च्या तक्त्याने ७९,३११ ची. पुण्याचा फ्लॅट, एफडी, म्युच्युअल फंड, सगळं चालतं, आणि ते व्हिसा मागणाऱ्याच्या नावावर असलं तरी चालतं. अट एवढीच, की वर्षभरात त्याचे पैसे होऊ शकले पाहिजेत आणि किंमत कर्ज वजा जाता धरायची. फ्लॅटसाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल, इंडेक्स टू आणि बँकेचं कर्जाचं स्टेटमेंट एवढं पुरे. ‘इथले पैसे तिकडे नेणार कसे?’ असा प्रश्न येऊ शकतो. त्याचं उत्तर पाठ ठेवा: निवासी भारतीयाला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, आणि अनिवासी माणसाला एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांचं खातं) दहा लाख डॉलरपर्यंत.

टॅक्सचे कागद

आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचं, शेवटच्या वर्षाचं ट्रान्स्क्रिप्ट (भरलेल्या रिटर्नचा उतारा) लावा. ते मिळत नसेल तर १०४० ची (तिथल्या आयकर रिटर्नच्या फॉर्मची) प्रत आणि त्याबरोबर डब्ल्यू-२ (नोकरी देणाऱ्याने दिलेला पगार-कराचा दाखला). राज्याचं रिटर्न नको.

पण रिटर्न भरलेलंच नसेल तर? भारतात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला जगभरच्या उत्पन्नाचं रिटर्न अमेरिकेत भरावं लागतं, हे निम्म्या लोकांना या फॉर्मच्या निमित्ताने पहिल्यांदा कळतं. घाबरू नका, पण ‘लागू नाही’ असं ठोकूनही देऊ नका. ज्यांनी जाणूनबुजून टाळलेलं नाही त्यांच्यासाठी आयआरएसची स्ट्रीमलाइन्ड नावाची सोय आहे. त्यात तीन वर्षांची रिटर्न्स आणि सहा वर्षांचे एफबार (अमेरिकेबाहेरच्या बँक खात्यांची माहिती) भरावे लागतात. ते आधी करा, आय-८६४ वर सही नंतर. उत्पन्न इतकं कमी होतं की रिटर्न भरणं बंधनकारकच नव्हतं, असं असेल तर तसं सहीनिशी लिहून द्या. आणखी एक: परदेशी उत्पन्नाची सूट घेतलेली असेल तर १०४० वरचं एकूण उत्पन्न शून्याजवळ दिसतं. ते तसंच असतं. फॉर्मात तोच आकडा लिहा, मनाचा मोठा आकडा लिहू नका.

डोमिसाईल

आता मुख्य भानगड. डोमिसाईल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? तहसील कचेरी, सेतू केंद्र, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, पंधरा वर्षांचा रहिवास, आणि शेवटी शिक्का मारलेला एक कागद. अमेरिकेच्या डोमिसाईलला असा कागद नाही. तो देणारं तिकडे कुठलंही कार्यालय नाही. तिथलं डोमिसाईल कृतीतून दिसावं लागतं. स्पॉन्सरचं मुख्य घर अमेरिकेत आहे, किंवा तुम्ही तिथे पाऊल ठेवाल त्या दिवसापर्यंत तो ते पुन्हा तिथे करणार आहे, हे ऑफिसरला पटलं पाहिजे. नाही पटलं, तर तो स्पॉन्सरच होऊ शकत नाही. आणि तो स्पॉन्सर नाही, तर जॉइंट स्पॉन्सर कितीही गब्बर असो, त्याच्या कागदांना काही अर्थ उरत नाही. कारण जॉइंट स्पॉन्सर पैशांची तूट भरून काढतो, डोमिसाईलची नाही.

हे मला मुलाखतीच्या खिडकीपाशी कळलं. माझा नवरा अमेरिकन नागरिक, पण सहा वर्षं आम्ही पुण्यात. एका एजंटने छातीठोक सांगितलं होतं, ‘मॅडम, दीर न्यू जर्सीत आहेत ना, त्यांचा पगार बघून कोणी काही विचारणार नाही.’ एनव्हीसीनेही कागद पूर्ण झाल्याचं कळवलेलं. मी निर्धास्त. ऑफिसरने लग्नाबद्दल दोन प्रश्न विचारले, अल्बम उघडलासुद्धा नाही. मग विचारलं, ‘तुमचे पती कुठे राहतात?’ पुण्यात. ‘अमेरिकेत कधी जाणार?’ मला व्हिसा मिळाला की. ‘त्यासाठी त्यांनी आतापर्यंत काय केलंय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाराशे फोटो होते, एक उत्तर नव्हतं. २२१(जी) ची चिठ्ठी घेऊन बाहेर आले.

एकत्र जाण्याचा बेत चुकीचा नव्हता, नियमात तो बसतो. चूक ही, की बेत फक्त आमच्या बोलण्यात होता. आणि एनव्हीसीने कागद पूर्ण म्हटलं म्हणजे ऑफिसरचं समाधान झालं असं नसतं. तिथे कागद आले का ते बघतात, इथे ते खरे वाटतात का ते बघतात.

मग आम्ही जे केलं, आणि नंतर प्रत्येक फायलीत जे करून घेतलं, ते असं. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे स्पॉन्सरने दोन-तीन महिने आधी पुढे जाणं. भाड्याचा करार, वीजबिल, नोकरीचं ऑफर लेटर, पहिल्या दोन-तीन पगारांच्या स्लिपा, नवीन ड्रायव्हिंग लायसन्स. यातून डोमिसाईल तर मिटतंच, उत्पन्नाचा प्रश्नही बराचसा मिटतो, कारण फॉर्ममध्ये चालू वार्षिक उत्पन्न विचारतात आणि नव्या नोकरीचं पत्र ते दाखवतं. मुलं लहान असताना हे जड जातं, मला माहीत आहे. तरी ज्यांना शक्य आहे त्यांना माझा हाच सल्ला: चर्चा बंद करा, तिकीट काढा.

जे एकत्रच जाणार आहेत त्यांनी दोन बाजूंचे कागद गोळा करावेत. एक बाजू तिथे पाय रोवल्याची: चालू बँक खातं आणि त्यात भारतातून पाठवलेली रक्कम, नोकरीसाठी केलेले अर्ज आणि त्यांना आलेली उत्तरं, मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल शाळेशी झालेला पत्रव्यवहार, परदेशातून टपालाने केलेल्या मतदानाची नोंद. दिराकडे किंवा बहिणीकडे उतरणार असाल तर ‘हे आमच्याकडे राहणार आहेत’ असं त्यांचं सहीचं पत्र आणि त्यांच्या घराचा करार किंवा वीजबिल. दुसरी बाजू इथून पाय काढल्याची, आणि ती लोक साफ विसरतात: इथल्या नोकरीचा राजीनामा किंवा बदलीचं पत्र, फ्लॅट भाड्याने दिल्याचा लिव्ह अँड लायसन्स करार, सामान हलवणाऱ्या कंपनीचं कोटेशन, मुलांच्या शाळेला दिलेलं पत्र. माझ्या मते ही दुसरी बाजू जास्त बोलते. अमेरिकेतलं खातं काय, कोणीही दहा वर्षं झोपलेलं ठेवू शकतं.

या सगळ्यावर स्पॉन्सरचं एक पानी निवेदन लावा. एकच पान. त्यात तारखा हव्यात: भारतात कधी आलो, का आलो, अमेरिकेत कोणत्या महिन्यात कोणत्या शहरात कोणाकडे उतरणार, आतापर्यंत काय काय केलं आणि त्याचा पुरावा कितव्या पानावर आहे. ‘माझं मायदेशावर प्रेम आहे’ छापाची वाक्यं काढून टाका. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक निवेदनात असं एक तरी वाक्य होतं.

पैसे परत न मिळणारी विमानाची तिकिटं पुरावा म्हणून काढू नका. इथली नोकरी मुलाखतीच्या महिनाभर आधी सोडून मोकळंही होऊ नका, राजीनाम्याची तारीख पुढची असलेली चालते. आणि कोणाच्या तरी पत्त्यावर खोटा भाडेकरार तर मुळीच करू नका. कागद कमी पडला तर चिठ्ठी मिळते आणि ती निस्तरता येते. खोटा कागद सापडला तर पुढची सगळी दारं बंद होऊ शकतात.

स्पॉन्सर अमेरिकन सरकारच्या नोकरीत असेल किंवा अमेरिकन कंपनीने त्याला इथे ठरावीक काळासाठी पाठवलं असेल तर त्याचं डोमिसाईल तुटत नाही. नेमणुकीचं पत्र लावा, वरचं सगळं विसरा. आणि स्पॉन्सर नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल आणि वर्षानुवर्षं इथेच राहत असेल, तर त्याच्या स्वतःच्या ग्रीन कार्डाचाच प्रश्न आधी उभा राहतो. त्यांनी हा लेख बाजूला ठेवून वकील गाठावा.

जॉइंट स्पॉन्सरला खरं सांगा

तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा, नात्यातलाच हवा असं नाही. तो वेगळा आय-८६४ भरतो, तुमच्या जोडीदाराचा फॉर्म तरीही लागतोच. ही हमी कराराइतकी बंधनकारक असते. तुम्ही नागरिक झालात, कामाची ४० क्वार्टर्स (तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं) भरली, ग्रीन कार्ड सोडून देश सोडलात किंवा मरण पावलात तर ती सुटते. घटस्फोटाने सुटत नाही. दिवाळीच्या फोनवर घाईघाईत ‘एक सही हवी होती’ असं म्हणून हे काम उरकू नका.

मुलाखतीच्या दिवशी

मूळ कागद एका बाजूला, प्रती दुसऱ्या. एनव्हीसीला कागद दिल्यानंतर नवं टॅक्स वर्ष उलटलं असेल तर त्याचं रिटर्न बरोबर ठेवा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. स्पॉन्सरला आत यावं लागत नाही, म्हणूनच त्याच्या बेताची प्रत्येक तारीख तुम्हाला तोंडपाठ हवी. न मागता कागद पुढे सरकवू नका.

तरीही चिठ्ठी मिळालीच तर तिच्यावर काय मागितलंय ते नीट वाचा आणि तेवढंच द्या. वर्षाच्या आत दिलं नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी. आम्ही दोन महिन्यांनी कागद दिले: नवऱ्याचं ऑफर लेटर, फ्लॅटचा भाडेकरार, एक पानी निवेदन. पुन्हा मुलाखत झाली नाही, पासपोर्ट व्हिसासकट परत आला.

व्हिसा हाती आल्यावर २३५ डॉलरची इमिग्रंट फी भरा, तिच्याशिवाय ग्रीन कार्ड छापून येत नाही. आणि ज्यांनी एकत्र जाऊ असं सांगून डोमिसाईल पटवलंय त्यांनी एकत्रच जावं, किंवा स्पॉन्सरने आधी. ‘तू हो पुढे, मी नोटीस पिरियड संपवून येतो’ असं झालं तर विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि तिथे उत्तर द्यायला तुम्ही एकट्या असता.