क्ले ज्वेलरीची दांडी सुटते, कडी निखळते? या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या आधी कोल्हापुरात राजारामपुरीत एका प्रदर्शनात मी टेबल लावलं होतं. एका ताईंनी क्लेचं, झेंडूच्या फुलाचं कानातलं उचललं, आरशात बघत घातलं, मान इकडून तिकडून फिरवली. काढायला गेल्या तर फिरकीसकट कानात घालायची दांडी बोटात आणि फूल फरशीवर. त्या हसल्या, मीही हसले. पण पुढचे दोन दिवस माझं लक्ष गल्ल्याकडे कमी आणि गिऱ्हाइकांच्या कानांकडे जास्त होतं. घरी येऊन त्याच घाण्यातल्या उरलेल्या १४ जोड्या पकडीने ओढून बघितल्या. ५ जोड्यांनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी ते फूल घेऊन गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमच्या ओळखीच्या, दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्या पटवेकरी काकांकडे गेले. त्यांना पॉलिमर क्ले माहीत नाही, पण जोड माहीत आहे. फूल उलटंपालटं करून म्हणाले, "कडी चिकटिवत्यात व्हय गं कुठं? कडी अडकली पायजे." सोनार डाग देऊन धातूला धातू जोडतो, पटवेकरी गाठ मारतो, आणि आपण क्लेवाले मात्र दांडीच्या बुडाच्या सपाट चकतीवर ग्लूचा थेंब टाकून देवावर हवाला ठेवतो. माझ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच निघालं.

पॉलिमर क्ले म्हणजे मुळात पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. ओव्हनच्या उष्णतेने ते कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात. धातूशी मात्र क्लेचं असं काही जमत नाही. आत रुतवून भाजलेली तारसुद्धा नुसती घट्ट बसलेली असते, चिकटलेली नसते.

आधी तुटलेली जागा बघा

सुटलेला दागिना आला की आपण पहिल्यांदा ग्लूची ट्यूब शोधतो. थांबा. भिंग घ्या, किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करा, आणि दोन्ही बाजू बघा.

ग्लूचा सगळा पापुद्रा धातूच्या चकतीवर आहे आणि क्लेची पाठ स्वच्छ, तर ग्लूने क्ले धरलीच नाही. पाठ गुळगुळीत असेल, तेलकट असेल, किंवा त्यावर वार्निश असेल. उलट पापुद्रा क्लेवर आणि चकती चकचकीत, तर धातू घासायचा राहिला. दोन्हीकडे अर्धाअर्धा ग्लू आणि तो दाबल्यावर चिकट लागतोय, तर इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून करायचा ग्लू) नीट कालवला नव्हता. आणि चकतीबरोबर क्लेचा टवका निघून आला असेल, तर ग्लूला बोल लावू नका. त्याने आपलं काम केलं. क्ले कच्ची भाजली होती.

माझ्या झेंडूत पापुद्रा चकतीवर होता. क्लेची पाठ टाइलवर भाजल्याने आरशासारखी चकचकीत, आणि वर मी हौसेने वार्निशचा हात मारलेला. ग्लू वार्निशला चिकटला, वार्निश क्लेवरून सुटलं. त्या दिवसापासून माझा क्रम ठरला: आधी दांडी, मग वार्निश, आणि दांडीच्या जागी वार्निश अजिबात नाही.

पाठ खरखरीत करायला २२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. शिवाय सुईने उभ्याआडव्या रेघा मारते, पाट्यावर टाकी लावतात तशा. चकतीही घासायची, तिचा चकाकता मुलामा मरेपर्यंत. मग दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. मेडिकलमध्ये नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे विचारा, ते रोज वापरतात. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यातलं अॅसिटोन क्लेचा वरचा थर मऊ, चिकट करतं. साच्याला क्ले चिकटू नये म्हणून लावलेली टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअरही पाठीवर राहिलेली असते. ती डोळ्याला दिसत नाही, पण ग्लूला दिसते.

इन्स्टंट ग्लूचा मोह

१० सेकंदांत चिकटतो, स्वस्तात मिळतो, म्हणून सगळ्यांची सुरुवात त्यावरच होते. माझीही झाली. हा सायनोअॅक्रिलेट ग्लू सरळ ओढ बऱ्यापैकी सोसतो, पण वाळल्यावर ठिसूळ असतो. कानातलं काढताना आपण दांडी सरळ ओढत नाही, तिरकी करतो. त्या तिरकस झटक्याला तो कट्टकन सुटतो. चिकटवून परत भाजलं तर जोड आणखी कमकुवत होतो, कारण ओव्हनची उष्णता या ग्लूला सोसत नाही. आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत तो वाळताना आजूबाजूला पांढुरकी भुकटी सोडतो. काळ्या किंवा मरून क्लेवर ती अशी उठून दिसते की नवा दागिना जुनाट वाटतो. दांडी क्षणभर जागेवर धरून ठेवायला तो ठीक, भार त्याच्यावर टाकायचा नाही.

भारासाठी दोन ट्यूबचा इपॉक्सी, अरल्डाइटसारखा. दोन्ही ट्यूबमधून सारखं सारखं घ्या. "हार्डनर थोडा जास्त घातला की लवकर वाळेल" हा गैरसमज आहे. जास्त झाला तरी जोड कच्चाच राहतो. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर टूथपिकने पूर्ण एक मिनिट कालवते, कडेचं आत ओढत. पाच मिनिटांत बसणारा प्रकार असला तरी पाच मिनिटांत तो फक्त हलायचा थांबतो. रात्रभर हात लावू नका, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी पूर्ण २४ तास जाऊ द्या. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ११ वाजता चिकटवलेल्या दांड्या सकाळी १० वाजता विकायला मांडल्या, तर माझ्यासारखी पाळी येते.

दांडी पुरायची

इपॉक्सीपेक्षा मला आता हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. फूल आधी पूर्ण भाजून घ्या. कच्च्या फुलात चकती दाबली की पुढच्या पाकळ्या चेपतात, म्हणून दोन भाजण्या. गार झाल्यावर पाठ खरखरीत करा, लिक्विड क्लेचा (पातळ, थेंबाने टाकता येणाऱ्या क्लेचा) मोहरीएवढा थेंब टाका आणि चकती त्यावर ठेवा. भोकं असलेली चकती मिळाली तर उत्तम, क्ले त्यातून आरपार धरते. मग १ मि.मी. जाडीची कच्च्या क्लेची चकती लाटा, धातूच्या चकतीपेक्षा चहूबाजूंनी ३-४ मि.मी. मोठी. मधोमध सुईने भोक पाडा, दांडीतून ती खाली सरकवा आणि कडा बोटाने पातळ करत फुलाच्या पाठीशी मिळवून टाका. करंजीची कड दाबतो ना, तसंच, फक्त मुरड घालायची नाही. कडेखाली हवा राहिली की तिथून थर सुटतो. वर जुन्या टूथब्रशने टोचून पोत दिला की सांधाही दिसत नाही.

फूल पालथं टिश्यूच्या गादीवर ठेवा, दांडी काटकोनात आहे का ते डोळ्याच्या पातळीवर येऊन बघा, फिरकी काढून ठेवा, आणि पुन्हा पूर्ण वेळ भाजा. दुसऱ्यांदा भाजल्याने क्लेचं काही बिघडत नाही, तापमान बरोबर असलं म्हणजे झालं. आता दांडी सुटायची तर तिला वरचा अख्खा थर फाडून यावं लागेल.

कड्या आणि भोकं

झुमक्या, लटकन, पेंडंट यांत ग्लूचा प्रश्न कमी, कडीचा (दोन भाग जोडणाऱ्या तारेच्या गोलाचा) जास्त. कडी उघडताना दोन टोकं डावीउजवीकडे ओढली की तिचा गोल मोडतो, मग ती कधीच पुरती मिटत नाही. दोन पकडींनी दोन टोकं धरा, एक पुढे, एक मागे वळवा, आणि मिटताना टोकं एकमेकांवरून किंचित पुढे नेऊन परत आणा. टोकं जुळताना हाताला बारीक खरखर जाणवते. ती जाणवली नाही तर फट आहे. नखाने चाचपून बघा. हलक्या कानातल्याला २० गेजची (सुमारे ०.८ मि.मी.) तार पुरते, पेंडंटला १८ गेज (सुमारे १ मि.मी.) घ्या. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, दुकानात इथंच घोटाळा होतो.

भोक कडेच्या फार जवळ असेल तर कड तुटणारच. निदान ३ मि.मी. क्ले सोडा. पण मग कडीही मोठी हवी, हे बऱ्याच जणी विसरतात. ३ मि.मी. जाडीच्या तुकड्याला कडेपासून ३ मि.मी. आत भोक असेल आणि कडी ४ मि.मी.ची घातली, तर ती मोकळी फिरत नाही, कडेला रेटत राहते आणि एक दिवस कपची काढते. तिथं ७-८ मि.मी.ची कडी लागते. भोक शक्यतो कच्चेपणीच सुईने पाडा. राहिलंच तर भाजून गार झाल्यावर हाताने फिरवायच्या ड्रिलने, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. नाहीतर मागच्या बाजूला टवका उडतो. १.५ मि.मी.ची बिटं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, उद्यमनगरात मला सहज मिळाली.

आय पिन (एका टोकाला गोल डोळा असलेली तारेची पिन) सरळ खुपसून भाजली तर ती जशी आत गेली तशीच बाहेर येते. खुपसायच्या आधी तिच्या टोकाला छोटा आकडा वळवा. आधीच भाजून झालं असेल तर पिन ओढून काढा, टोक घासा, इपॉक्सीत बुडवून परत बसवा. मळसूत्री कडीला आधी बारीक भोक हवं, थेट फिरवली तर क्ले उभी चिरते.

एका मैत्रिणीला क्लेचा कोल्हापुरी साज करायचा होता. साजाला २१ पानं, म्हणजे कमीत कमी २१ जोड. त्यातला एक सुटला तरी साज बोडका दिसणार. तिला मी पानांची जाडी निम्म्यावर आणायला लावली आणि प्रत्येक पानात आकडा वळवलेली पिन आत पुरायला लावली. वजन घटवणं हाही जोड पक्का करायचाच भाग आहे.

कच्ची भाजणी

भाजणी पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच: फिमो ब्रँडच्या क्लेला ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं, स्कल्पी प्रीमो ब्रँडच्या क्लेला १३० अंशांना दर ६ मि.मी. जाडीमागे ३० मिनिटं. ओटीजीच्या (घरच्या छोट्या ओव्हनच्या) बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. जळेल या भीतीने १० मिनिटं आधी काढणाऱ्या खूप जणी आहेत. प्रत्येक घाण्याबरोबर त्याच क्लेची एक पातळ पट्टी भाजा आणि गार झाल्यावर वाकवा. नीट भाजलेली पट्टी थोडी वाकते. कच्ची खारीसारखी मोडते. मोडली तर सगळा घाणा परत ओव्हनमध्ये, दांड्या लावायच्या आधी. मात्र तापमान फार चढू देऊ नका, क्ले जळाली तर त्रासदायक धूर होतो.

हवेवर वाळणारी क्ले वापरत असाल तर हे भाजणीचं सोडून द्या. ती पावसाळ्यात ओल धरते आणि पिनेभोवती सैल पडते. तिला बाहेरून सील करा.

कान खाजतात, लाल होतात अशी तक्रार आली तर बहुधा स्वस्त दांडीतल्या निकेलचा त्रास असतो. स्टीलच्या दांड्या घ्या, किंवा हुपरीच्या कारागिरांकडून चांदीच्या करून घ्या. खर्च वाढतो, पण त्या जोड्या मी वेगळ्या भावाने विकते.

परत आलेला दागिना

जुन्या ग्लूवर नवा ग्लू टाकू नका. ब्लेडने जुना पापुद्रा पूर्ण खरवडा, खालची क्ले दिसेपर्यंत. इन्स्टंट ग्लूचा कण राहिला असताना ओव्हनमध्ये घातलं तर डोळ्याला झोंबणारी वाफ येते, म्हणून ही खरवड भाजायच्या आधीच. फुलात खडा, मोती किंवा रेझिन असेल तर परत भाजायचा विचार सोडा आणि इपॉक्सीच वापरा. प्लास्टिकचे मोती ओव्हनमध्ये वितळतात. नुसती क्ले असेल तर दांडी पुरा. त्या ताईंचं फूल मी तसंच दुरुस्त केलं, आणि दुसरं फूल सुटलेलं नसतानाही त्याची दांडी काढून ती पुरली, कारण दोन्ही एकाच दिवशी, एकाच ग्लूने चिकटवलेली होती.